एलएनजीवर चालणारे जहाज: इंजिनाच्या निवडीपासून बंकरिंगपर्यंत

जहाजाला एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, इंधन म्हणून दिला की जहाज आपोआप स्वच्छ झाले, असा समज कंपन्यांच्या कचेऱ्यांपासून इंजिन रूमपर्यंत सर्वत्र आढळतो. या इंधनामुळे धुरातील गंधक आणि काजळी जवळजवळ नाहीशी होते, याबद्दल वाद नाही. तापमानवाढीच्या हिशोबात मात्र फायदा होणार की तोटा, हे इंजिनाची जात, टाकीतील दाब सांभाळण्याची पद्धत आणि बंकरिंगच्या, म्हणजे जहाजात इंधन भरण्याच्या, वेळची शिस्त या तीन गोष्टींवर ठरते. मिथेन जळला तर उपयोगी आहे. न जळता हवेत गेला तर ज्या कारणासाठी एवढा खर्च केला त्या कारणालाच तो मारक ठरतो. पुढील मार्गदर्शन अशा जहाजाचा निर्णय घेणाऱ्या तांत्रिक व्यवस्थापकांसाठी आणि त्यावर पहिल्यांदाच रुजू होणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी लिहिले आहे. कोकणातून आणि मुंबईतून जहाजावर जाणाऱ्या अनेक मराठी मुलामुलींना येत्या काळात डिझेलच्या जोडीने हे इंधनही हाताळावे लागणार आहे, आणि ते त्यांनी समजून हाताळावे अशी मनापासून इच्छा आहे.

इंधनाचा स्वभाव

एलएनजी हा प्रामुख्याने मिथेन असतो. वातावरणाच्या दाबाला तो सुमारे उणे १६२ अंश सेल्सिअसला द्रवरूप होतो आणि त्याचे आकारमान वायुरूपाच्या सुमारे सहाशेव्या भागाइतके उरते. याचाच दुसरा अर्थ असा की, एक लिटर द्रव सांडला तर त्याचा सुमारे सहाशे लिटर वायू तयार होतो. हवेत मिथेनचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच तो पेट घेतो. त्याखाली मिश्रण फार विरळ असते आणि त्यावर पुरेसा ऑक्सिजन नसतो.

नवख्या माणसाला सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट वायूच्या वजनाची आहे. मिथेन हवेपेक्षा हलका असतो हे शाळेत शिकलेले असते, म्हणून गळती झाली तर तो वर निघून जाईल असे वाटते. पण द्रवातून नुकताच निघालेला वायू अतिशय थंड असल्यामुळे हवेपेक्षा जड असतो आणि साधारण उणे शंभर-एकशेदहा अंशांपर्यंत तापेतो डेकवर, खळग्यांत आणि शिड्यांच्या तळाशी रेंगाळतो. डोळ्यांना दिसणारा पांढरा ढग हवेतील बाष्प गोठून झालेला असतो. मिथेन स्वतः अदृश्य असतो. म्हणून ढगाच्या कडेबाहेर धोका नाही असे कधीही समजू नये. शिवाय पाइपने आपल्या घरी येणाऱ्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, एलएनजीला तो नसतो. नाकावर विसंबता येत नाही, डिटेक्टरवरच विसंबावे लागते.

थंडीचा दुसरा परिणाम पोलादावर होतो. जहाजाच्या डेकचे साधे पोलाद इतक्या थंडीत काचेसारखे ठिसूळ होऊन तडकते. म्हणूनच मॅनिफोल्डखाली, म्हणजे इंधनाची नळी जोडण्याच्या जागेखाली, स्टेनलेस स्टीलचा ड्रिप ट्रे असतो आणि बंकरिंगच्या वेळी जहाजाच्या बाजूवरून पाण्याचा पडदा सोडला जातो, जेणेकरून सांडलेला द्रव पोलादाला भिडण्यापूर्वी त्याचे बाष्प व्हावे.

स्वच्छ म्हणजे नेमके किती: हिशोब करून पाहा

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आणली. बाल्टिक समुद्र, उत्तर समुद्र आणि उत्तर अमेरिकेचा किनारा अशा उत्सर्जन नियंत्रण क्षेत्रांत ही मर्यादा २०१५ पासून ०.१० टक्के आहे, आणि १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही त्यात आला. एलएनजीमध्ये गंधक जवळजवळ नसतेच, त्यामुळे ही अट कोणत्याही वेगळ्या यंत्रणेशिवाय पाळली जाते. येथपर्यंतचा फायदा सरळ आहे आणि बंदराजवळ राहणाऱ्या माणसांच्या श्वासाशी त्याचा थेट संबंध असल्याने तो कमी लेखू नये.

हरितगृह वायूंचा हिशोब मात्र कागदावर मांडूनच पाहावा. एक टन एलएनजीतून मिळते तेवढी ऊर्जा मिळवायला सुमारे १.२१ टन जड तेल, म्हणजे जहाजांचे पारंपरिक इंधन, लागते. एक टन जड तेल जळल्यावर ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे तेवढ्या ऊर्जेमागे सुमारे ३.७७ टन, एक टन एलएनजी पूर्ण जळल्यावर निघतो २.७५ टन. ही घट सुमारे २७ टक्क्यांची आहे आणि विक्रीच्या माहितीपत्रकांत हाच आकडा ठळक अक्षरांत असतो. पण सगळा मिथेन इंजिनात जळत नाही. सिलिंडरच्या कोपऱ्यांत आणि थंड भिंतींलगत काही भाग न जळता राहतो आणि धुराबरोबर बाहेर पडतो. यालाच मिथेन स्लिप म्हणतात. शंभर वर्षांच्या मुदतीत एक टन मिथेन सुमारे ३० टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो आणि वीस वर्षांच्या मुदतीत सुमारे ८२ टनांइतकी.

युरोपीय संघाच्या फ्युएलईयू मेरीटाइम या नियमावलीत, जी १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली, इंजिनांच्या जातीनुसार स्लिपचे ठरावीक आकडे दिलेले आहेत: मध्यम गतीच्या ऑटो प्रकारच्या (वायू हवेत आधी मिसळून जाळणाऱ्या) ड्यूएल फ्युएल, म्हणजे वायू आणि तेल दोन्हींवर चालणाऱ्या, इंजिनांसाठी ३.१ टक्के, संथ गतीच्या ऑटो प्रकारच्या इंजिनांसाठी १.७ टक्के आणि संथ गतीच्या डिझेल प्रकारच्या (उच्च दाबाने वायू आत सोडणाऱ्या) इंजिनांसाठी ०.२ टक्के. इंजिनांची कार्यक्षमता सारखी धरली आणि हे आकडे वरच्या हिशोबात घातले, तर शंभर वर्षांच्या मापाने पहिल्या प्रकारात २७ टक्क्यांचा फायदा जेमतेम ५ टक्क्यांवर येतो, दुसऱ्यात साधारण १५ टक्क्यांवर आणि तिसऱ्यात तो २६ टक्क्यांच्या आसपास टिकतो. वीस वर्षांचे माप लावले तर पहिल्या प्रकारचे इंजिन जड तेलापेक्षा सुमारे ३८ टक्के अधिक हानिकारक ठरते, दुसरे काहीसे अधिक हानिकारक, आणि फक्त तिसरे इंजिन फायद्यात राहते. विहिरीपासून टाकीपर्यंतच्या प्रवासातील उत्सर्जन यात धरलेले नाही; त्याच नियमावलीत ते एलएनजीसाठी प्रति मेगाज्यूल १८.५ ग्रॅम आणि जड तेलासाठी १३.५ ग्रॅम धरले आहे, म्हणजे तेथेही एलएनजी मागेच आहे.

म्हणून इंजिन निवडताना पहिला प्रश्न स्लिपचा विचारावा, किमतीचा नंतर. दोन घराणी डोळ्यांसमोर ठेवावीत. डिझेल चक्रावर चालणारी, सुमारे ३०० बार दाबाने वायू आत सोडणारी मान कंपनीची एमई-जीआय इंजिने स्लिपच्या बाबतीत सर्वांत चांगली आहेत. पण नायट्रोजन ऑक्साइडची टिअर ३ ही सर्वांत कडक मर्यादा पाळण्यासाठी त्यांना धुराचे पुनर्चक्रण किंवा उत्प्रेरकाने धूर शुद्ध करणारी एससीआर यंत्रणा जोडावी लागते आणि उच्च दाबाचे पंप सांभाळावे लागतात. ऑटो चक्रावर चालणारी, कमी दाबाचा वायू हवेत आधी मिसळून घेणारी विनजीडी कंपनीची एक्स-डीएफ इंजिने टिअर ३ मर्यादा वायूवर चालताना आपोआप पाळतात आणि त्यांची वायुपुरवठ्याची यंत्रणा स्वस्त पडते, पण स्लिप जास्त असते. इंजिन कंपनीकडून स्लिपचे आकडे मागताना ते एकाच लोडचे घेऊ नयेत. २५, ५०, ७५ आणि १०० टक्के लोडवरचे स्वतंत्र आकडे लेखी मागावेत, कारण कमी लोडवर ऑटो इंजिनाची स्लिप झपाट्याने वाढते. मुख्य इंजिन उत्तम घेऊन जनरेटर मात्र जुन्या पद्धतीचे मध्यम गतीचे घेतले, तर बंदरात उभे असताना जहाज तोच फायदा गमावत राहते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जहाजांना ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी देणारे सीआयआय हे कार्बन तीव्रतेचे मोजमाप केवळ कार्बन डायऑक्साइड धरते, मिथेन धरत नाही. त्यामुळे जास्त स्लिपचे जहाजही कागदावर चांगली श्रेणी मिळवते. युरोपीय उत्सर्जन व्यापार योजनेत मात्र २०२६ पासून मिथेनही मोजला जात आहे. म्हणजे ज्यांनी फक्त सीआयआय पाहून इंजिन निवडले, त्यांना युरोपच्या बंदरांत त्या निवडीची किंमत मोजावी लागते.

टाकी किती मोठी असावी

समजा, एखादे जहाज दिवसाला ६० टन कमी गंधकाचे तेल जाळते आणि दोन बंकरिंगमध्ये ३० दिवसांचे अंतर आहे. म्हणजे तेल लागेल १,८०० टन. त्याच ऊर्जेसाठी एलएनजी लागेल सुमारे १,५०० टन. घनता प्रति घनमीटर ४५० किलो धरली तर ३,३०० घनमीटरांहून थोडे अधिक. टाकी पूर्ण रिकामी करता येत नाही, कारण ती थंड ठेवण्यासाठी तळाशी थोडा द्रव राखावा लागतो. ती पूर्ण भरताही येत नाही, कारण द्रव तापला की फुगतो. ही दोन्ही टोके सोडली तर सुमारे ४,००० घनमीटरांची टाकी लागते. तेलाला १,९०० घनमीटर पुरले असते. त्यात टाकीभोवतीचे उष्णतारोधक आवरण आणि सुरक्षित अंतर मिळवले की प्रत्यक्ष व्यापलेली जागा तेलाच्या तीन-चार पटींपर्यंत जाते आणि ती मालाच्या जागेतूनच काढावी लागते. हॅपाग-लॉइड कंपनीने १५,००० कंटेनरांच्या वर्गातील ‘साजिर’ या जहाजाचे रूपांतर केले तेव्हा ६,७०० घनमीटरांच्या टाकीसाठी कंटेनरांच्या जागेचाच बळी द्यावा लागला.

लहान जहाजांवर, फेरीबोटींवर आणि टगवर दाब सहन करणारी दंडगोल टाकी, जिला टाइप सी म्हणतात, वापरणे सोयीचे असते. ती काही बारपर्यंत दाब सोसते, त्यामुळे वायू लगेच जाळावा किंवा सोडावा लागत नाही. मोठ्या कंटेनर जहाजांवर मेम्ब्रेन (जहाजाच्या सांगाड्याच्या आधाराने बसवलेल्या पातळ पत्र्याच्या) किंवा टाइप बी टाक्या जागेचा चांगला उपयोग करतात, पण त्यांना जवळपास वातावरणाइतकाच दाब चालतो. सीएमए सीजीएमच्या ‘जॅक सादे’ या २०२० मध्ये सेवेत आलेल्या २३,००० कंटेनरांच्या जहाजावर १८,६०० घनमीटरांची मेम्ब्रेन टाकी आहे.

कोणत्याही प्रकारात आयजीएफ कोडची, म्हणजे वायू इंधनावर चालणाऱ्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहितेची, एक अट लक्षात ठेवावी: जहाज नुसते उभे राहिले तरी टाकीचा दाब सुरक्षा झडपेच्या मर्यादेखाली १५ दिवस राखता आला पाहिजे. हा कोड जून २०१५ मध्ये स्वीकारला गेला आणि १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे.

भावाची तुलना

एलएनजीचा भाव वजनावर नसतो, तो ऊर्जेच्या एककावर, म्हणजे एमएमबीटीयूवर (दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिटांवर) असतो. तेलाचा टनावर असतो. दोन्ही एकाच मापात आणल्याशिवाय निर्णय घेऊ नये. एका टन एलएनजीमध्ये साधारण ५२ एमएमबीटीयू असतात. भाव १२ डॉलर धरला तर टनाला ६२४ डॉलर पडतात, आणि कमी गंधकाच्या तेलाच्या टनाशी तुलना करताना ते सुमारे ५२० डॉलरच्या बरोबरीचे होतात. बार्जने पोहोचवण्याचा खर्च त्यात वेगळा मिळवावा. बंकर डिलिव्हरी नोटवर, म्हणजे इंधन मिळाल्याच्या पावतीवर, मिथेन नंबरही पाहावा. तो कमी असेल तर ऑटो इंजिनात नॉकिंग, म्हणजे वायूचा अवेळी भडका, होते आणि लोड कमी करावा लागतो.

माणसांची तयारी

खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातील तिसऱ्या नियमानुसार अशा जहाजावर इंधनाशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाला आयजीएफ बेसिक प्रशिक्षण लागते. मास्टर (कप्तान), इंजिनिअर अधिकारी आणि इंधनाची थेट जबाबदारी असणाऱ्या सर्वांना ॲडव्हान्स्ड. ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्रासाठी किमान एक महिन्याची मान्य सागरी सेवा आणि तीन बंकरिंगचा अनुभव मागितला जातो. त्यांपैकी दोन बंकरिंग मान्य सिम्युलेटरवर करता येतात. भारतात हे अभ्यासक्रम नौवहन महासंचालनालयाच्या मान्यतेने चालतात. सिम्युलेटरची सवलत असली तरी संधी मिळाल्यास तिन्ही बंकरिंग प्रत्यक्ष पाहावीत, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. गोठलेल्या होजचा कडकडाट आणि मॅनिफोल्डवर चढत जाणारा हिमाचा थर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आपण कशाशी व्यवहार करीत आहोत, हे अंगवळणी पडत नाही.

बंकरिंग: तयारी

इंधन चार मार्गांनी येते: धक्क्यावरच्या टँकर ट्रकमधून, बंकर जहाजातून, किनाऱ्यावरच्या टर्मिनलच्या पाइपमधून किंवा उचलून ठेवता येणाऱ्या टँक कंटेनरमधून. एका ट्रकमध्ये साधारण ४० ते ५० घनमीटर एलएनजी येतो, त्यामुळे तो मार्ग लहान जहाजांनाच परवडतो. एलएनजी वाहून न नेताही त्यावर चालणारे जगातील पहिले जहाज, नॉर्वेची ‘ग्लुत्रा’ ही २००० सालची फेरीबोट, याच प्रकारे इंधन घेत असे. मोठ्या जहाजांना बंकर जहाजच लागते. नोव्हेंबर २०२० मध्ये रॉटरडॅम येथे ‘गॅस अजिलिटी’ या बंकर जहाजाने ‘जॅक सादे’ला एका वेळी सुमारे १७,३०० घनमीटर एलएनजी दिला.

पहिल्यांदा भेटणाऱ्या दोन जहाजांचा सुसंगती अभ्यास आठवडाभर आधी पूर्ण करावा. मॅनिफोल्डची उंची, कपलिंगचा व्यास आणि प्रकार, ईएसडी म्हणजे आपत्कालीन बंद यंत्रणेची जोडणी, मुरिंगच्या (जहाज बांधण्याच्या) दोऱ्या आणि फेंडर, तसेच दोन्ही टाक्यांतील तापमान आणि दाब ही माहिती एकमेकांना कळवावी. यांतील शेवटची बाब बहुतेक जण घाईघाईने पाहतात आणि तिनेच पुढे सर्वांत जास्त त्रास होतो. देणाऱ्याचा एलएनजी घेणाऱ्याच्या टाकीतील द्रवापेक्षा उबदार असेल, तर तो टाकीत शिरताच भसाभस वायू होतो, दाब चढतो, आणि वायू परत नेणारी लाइन नसेल तर बंकरिंग थांबवण्यापलीकडे मार्ग राहत नाही. उलट, येणारा द्रव अधिक थंड असेल आणि तो टाकीच्या माथ्यावरून फवाऱ्याने सोडला, तर आतील वायू द्रवरूप होऊन दाब उतरतो. म्हणून बंकरिंगच्या आदल्या दिवसापासूनच टाकीतील वायू जाळून दाब शक्य तितका खाली आणून ठेवावा.

टाकी किती भरायची हेही आधीच ठरवावे. टाकीतील द्रव सुरक्षा झडप उघडण्याच्या तापमानापर्यंत तापला, तरी टाकी ९८ टक्क्यांपेक्षा जास्त भरलेली असता कामा नये, हा नियम आहे. भरताना घनता ४५० आणि त्या वरच्या तापमानाला ४०५ असेल, तर ९८ गुणिले ४०५ भागिले ४५०, म्हणजे सुमारे ८८ टक्क्यांवर थांबावे लागते. हा आकडा कंट्रोल रूमच्या फळ्यावर ठळक लिहून ठेवावा.

बंदराची परवानगी, धोका-मूल्यांकन आणि संयुक्त कार्ययोजना यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या पाहिजेत. मॅनिफोल्डभोवती सुरक्षा क्षेत्र आखावे, तेथे मोबाइल, साधी बॅटरी, वेल्डिंग आणि अनावश्यक माणसे यांना पूर्ण मज्जाव असावा, आणि निवासी भागाच्या त्या बाजूच्या हवेच्या झडपा बंद ठेवाव्यात. त्याच वेळी मालाची किंवा प्रवाशांची चढ-उतार चालू ठेवायची असेल तर त्यासाठी वेगळा अभ्यास आणि वेगळी परवानगी लागते. स्टॉकहोममध्ये ‘वायकिंग ग्रेस’ला २०१३ पासून ‘सीगॅस’ हे छोटे बंकर जहाज प्रवासी जहाजावर असतानाच इंधन देत आले, पण त्यामागे असा स्वतंत्र अभ्यास होता. त्याचे उदाहरण दाखवून आपल्या बंदरात सवलत मागू नये.

बंकरिंग: प्रत्यक्ष काम

माणसे उभी करण्यापूर्वी त्यांचा पोशाख पाहावा. तोंडावर पूर्ण फेस शील्ड, हातांत सहज झटकून काढता येतील असे सैल क्रायोजेनिक हातमोजे, आणि पॅन्टचा पाय बुटाच्या बाहेर, म्हणजे सांडलेला द्रव बुटात साचणार नाही. अंगावर छोटा गॅस डिटेक्टर असावा.

दोन्ही जहाजांमधील संपर्क तपासून, एक मुख्य आणि एक पर्यायी चॅनेल ठरवून, चेकलिस्ट एकत्र बसून भरावी. एकाने वाचत जायचे आणि दुसऱ्याने न पाहता खुणा करायच्या, हे चालू देऊ नये. त्यानंतर होज जोडावा. दोन जहाजांमध्ये विद्युत प्रवाह वाहू नये म्हणून लाइनमध्ये इन्सुलेटिंग फ्लँज असतो. तो असताना वेगळी अर्थिंगची तार जोडल्याने त्याचा उद्देशच नष्ट होतो. जोडणी झाल्यावर नायट्रोजनने दाब देऊन सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती पाहावी. मग नायट्रोजनने लाइनमधील हवा बाहेर काढावी आणि ऑक्सिजन ठरलेल्या मर्यादेखाली आल्याचे मीटरने मोजून नोंदवावे. लाइन गरम असतानाच ईएसडीची एक चाचणी घ्यावी.

यानंतर लाइन थंड करण्याचे काम येते आणि येथे घाई हा सर्वांत मोठा शत्रू आहे. थोडा थोडा द्रव सोडत पाइप हळूहळू थंड करावा. एकदम सोडला तर पाइपचा तळ आकसतो, माथा आकसत नाही, आणि पाइप धनुष्यासारखा वाकून सांधे उघडतात. तापमान स्थिर झाल्यावर, झडपा गोठून अडकलेल्या नाहीत ना हे पाहण्यासाठी, ईएसडीची दुसरी चाचणी घ्यावी. मग मंद गतीने भरायला सुरुवात करावी, गळती नसल्याची खात्री झाल्यावर वेग वाढवावा, आणि शेवटच्या टप्प्यात पुन्हा कमी करावा. संपूर्ण वेळ एक माणूस मॅनिफोल्डवर आणि एक टाकीची पातळी, दाब आणि तापमान यांवर असला पाहिजे. दर ठरावीक वेळाने दोन्ही जहाजांचे आकडे ताडून पाहावेत. दिलेले आणि मिळालेले यांत अचानक फरक दिसला तर आधी थांबावे, कारण नंतर शोधावे. वीज चमकू लागली, वारा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला किंवा मुरिंगच्या दोऱ्यांवर ताण आला, तरीही थांबावे.

भरून झाल्यावर काम संपल्यासारखे वाटते, पण मिथेन हवेत जाण्याची शक्यता याच टप्प्यात सर्वाधिक असते. होजमध्ये उरलेला द्रव टाकीकडे ढकलावा, उरलेल्याचे बाष्प होऊ द्यावे, आणि नायट्रोजनने लाइन पर्ज करताना तो वायू व्हेंट मास्टमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या उंच नळीतून, वर न सोडता टाकीत किंवा बंकर जहाजाकडे परत घ्यावा. लाइनमधील मिथेन पुरेसा खाली आल्याचे मोजल्याशिवाय कपलिंग उघडू नये. आपोआप बंद होणारे ड्राय कपलिंग असले तरी हा नियम बदलत नाही. शेवटी डिलिव्हरी नोटवर वजन, घनता, तापमान, उष्मांक आणि घटकांचे प्रमाण तपासून सही करावी.

प्रवासात घ्यायची काळजी

टाकीत बाहेरची उष्णता सतत झिरपते आणि थोडा थोडा द्रव वायू होत राहतो. हा वायू इंजिनाने खाल्ला तर प्रश्नच नाही. जहाज मंद चालले किंवा नांगरावर उभे राहिले की दाब चढू लागतो. अशा वेळी जनरेटर, बॉयलर किंवा गॅस जाळण्याचे युनिट वापरावे. पुन्हा द्रव करणारी यंत्रणा असेल तर ती चालवावी. व्हेंट मास्ट हा आणीबाणीचा मार्ग आहे, दाब सांभाळण्याचा नव्हे.

बंदरात दोन ड्यूएल फ्युएल जनरेटर ३० टक्के लोडवर चालवण्याऐवजी, सुरक्षिततेची अडचण नसेल तेथे, एकच ६० टक्क्यांवर चालवावा. स्लिप कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. किनाऱ्यावरची वीज मिळत असेल तर ती घ्यावी. वायू पेटवण्यासाठी लागणाऱ्या पायलट डिझेलचा साठा आणि त्याचे इंजेक्टर यांकडे दुर्लक्ष करू नये. खराब पायलट ज्वाला म्हणजे अर्धवट जळण आणि जास्त स्लिप.

इंजिन रूममधून जाणारे वायूचे पाइप दुहेरी भिंतींचे असतात आणि मधल्या जागेतील हवा तासाला किमान ३० वेळा बदलली जाते. टाकीच्या जोडणीच्या कक्षात वायू खालच्या स्फोटक मर्यादेच्या २० टक्क्यांवर पोहोचला की अलार्म वाजतो आणि दोन डिटेक्टरांनी ४० टक्के दाखवले की झडपा आपोआप बंद होतात. वारंवार वाजणारा डिटेक्टर खोटा आहे असे ठरवून तो बाजूला काढण्याची सवय अनेक जहाजांवर लागते. असा डिटेक्टर आधी प्रमाणित वायूने तपासावा, मग त्याच्याबद्दल मत बनवावे.

गळती आणि इजा

गळती दिसताच ईएसडीचे बटण दाबावे. त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहू नये, आणि हे प्रत्येक खलाशाला पहिल्याच दिवशी सांगितलेले असावे. साचलेल्या एलएनजीवर पाणी कधीही मारू नये, कारण पाण्याच्या उष्णतेने तो अधिक वेगाने उकळतो आणि आग असेल तर ती भडकते. पाण्याचा फवारा वायूचा ढग वळवण्यासाठी आणि आसपासचे पोलाद थंड ठेवण्यासाठी वापरावा. पेटलेल्या वायूवर ड्राय पावडर उपयोगी पडते, पण गळती बंद करता येत नसेल तर ज्वाला विझवू नये. विझवलेल्या ज्वालेच्या जागी वायू साठत जातो आणि पुन्हा पेटतो तेव्हा तो अधिक मोठा असतो.

थंडीने भाजलेल्या माणसाला आधी सुरक्षित हवेत आणावे. त्वचेला चिकटलेला कपडा ओढून काढू नये, जखम चोळू नये, आणि कोमट, सुमारे ४० अंशांच्या पाण्याने तो भाग हळूहळू उबदार करावा. बंद जागेत कोसळलेल्या माणसाकडे श्वसनयंत्राशिवाय धावत जाणारा दुसरा माणूसही तेथेच कोसळतो. मिथेन विषारी नसला तरी तो ऑक्सिजनची जागा घेतो.

ड्राय डॉकपूर्वी टाकी रिकामी करताना

डॉकला जाण्यापूर्वी टाकी वायुमुक्त करावी लागते, आणि नियोजन नसेल तर एका फटक्यात कित्येक टन मिथेन हवेत जातो. म्हणून वेळापत्रक उलट्या दिशेने मांडावे. डॉकच्या तारखेपूर्वी शेवटचे बंकरिंग मोजूनच घ्यावे, जेणेकरून टाकीतील द्रव इंजिनातच जळून संपेल. तळाशी उरलेला द्रव टाकी तापवून वायू करावा आणि तो जनरेटर किंवा गॅस जाळण्याच्या युनिटकडे न्यावा. त्यानंतर नायट्रोजन किंवा ५ टक्क्यांपेक्षा कमी ऑक्सिजनचा निष्क्रिय वायू सोडून मिथेन बाहेर काढावा, आणि पहिल्या टप्प्यात बाहेर पडणारे मिश्रण जळण्याइतके समृद्ध असेपर्यंत तेही जाळावे. मिथेन पुरेसा खाली गेल्यानंतरच हवा सोडावी. आधी हवा सोडली तर टाकीत स्फोटक मिश्रण तयार होते. आत उतरण्यापूर्वी वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही पातळ्यांवर ऑक्सिजन २०.९ टक्के आणि मिथेन शून्य असल्याचे मोजून परमिटवर लिहावे, आणि डॉकमधून निघताना हाच क्रम उलटा करावा: आधी कोरडी हवा, मग निष्क्रिय वायू, मग उबदार मिथेन, आणि शेवटी फवाऱ्याने टाकी थंड करून पहिला द्रव.